मधुमेह्याचें पथ्य : एका संशयाचा इतिहास

घरांत मधुमेहाचा रोगी असला म्हणजे त्याच्या ताटाभोंवतीं एक निराळाच पहारा बसतो. महिन्यादोन महिन्यांनीं रक्ततपासणीचा कागद येतो, त्यांत साखरेचा आंकडा वाढलेला दिसतो, आणि मग चौकशी सुरू होते. “मामंजी, खरें सांगा, परवां लाडवांच्या डब्याला हात लागला होता ना?” असें सून हंसत विचारते, पण हंसत विचारला तरी प्रश्न तो प्रश्नच. म्हातारा शपथेवर सांगतो कीं, गेल्या महिन्यांत जें खाल्लें तेंच याहि महिन्यांत खाल्लें, एक घांसहि अधिक नाहीं. त्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडांतील गृहस्थांनाहि हाच रोग, तेहि दोन्ही वेळां भातच खातात, मग त्यांची साखर कशी ताळ्यावर राहते, असा दाखला त्याच्या तोंडावर फेंकला जातो. अन्न तेंच, रोग तोच, तर फळ निराळें कां? सर्वांची बोटें एकाच उत्तराकडे वळतात : रोगी खोटें बोलत आहे.

हा संशय आजकालचा नाहीं. मधुमेहाच्या पथ्याचा गेल्या सव्वादोनशें वर्षांचा इतिहास चाळला, तर त्यांत औषधांच्या व ताटांच्या हकीकतीइतकीच या संशयाचीहि हकीकत सांपडते. एकच अन्न दोन शरीरांत दोन तऱ्हांनीं कां वागतें, किंबहुना एकाच शरीरांत दोन दिवशीं दोन तऱ्हांनीं कां वागतें, हें कळावयास वैद्यकाला फार काळ लागला. आणि तें कळेपर्यंत, न कळलेल्या भागाचा दोष बहुधा रोग्याच्या पदरांत पडत राहिला. ती हकीकत थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांना या रोगाची ओळख चांगली होती. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात ही खूण त्यांनीं टिपून ठेविली होती, आणि मधुमेह हें नांवहि त्या गोडीवरूनच पडलें. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाची गोष्ट सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत आहे. तेथें प्रमेहाचे दोन प्रकार केले आहेत : एक सहज, म्हणजे जन्मतः आलेला, दुसरा अपथ्यामुळें जडलेला. पहिला रोगी कृश. दुसरा स्थूल, बहुभक्षी व शय्येची आवड असलेला. कृशाला अन्नपानानें पोसावें, स्थूलाला अल्पाहार व व्यायाम यांनीं उतरवावें, असा तेथील उपदेश आहे. निर्धन रोग्याला तर अनवाणी दूरवर पायपीट करावयास व विहीर खणावयास सांगितलें आहे. सुश्रुताला आजचें शरीरशास्त्र अवगत होतें, असा अर्थ यांतून काढणें भाबडेपणाचें होईल. पण रोगाचें नांव एक असलें तरी रोग्याचा देह पाहिल्यावांचून त्याचें ताट ठरवूं नये, ही दृष्टि त्यांत खचित आहे. आधुनिक वैद्यकाला तिच्यापाशीं येण्यासाठीं पुष्कळ फेरे घ्यावे लागले.

इ. स. १७७६ मध्यें मॅथ्यू डॉब्सन या लिव्हरपूलच्या वैद्यानें रोग्याचें मूत्र आटवून त्यांत साखर असल्याचें दाखविलें, आणि रक्ताचा द्रवहि गोड असल्याची नोंद केली. साखर बाहेर पडते, तर साखर व पीठ तोंडांत जाऊं देऊं नये, हा विचार त्यापासून सहज निघाला. जॉन रोलो या लष्करी शस्त्रवैद्यानें १७९६ सालीं तो अंमलांत आणला. कॅप्टन मेरेडिथ नांवाच्या लठ्ठ अधिकाऱ्याला त्यानें बहुतेक मांस व चरबी यांवर ठेविलें, आणि त्या रोग्याची प्रकृति बरीच सुधारली. पथ्यानें हा रोग आवरतां येतो, ही आशा युरोपांत येथून बळावली.

त्या आशेला १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यानें विलक्षण पुरावा दिला. प्रशियाच्या सैन्यानें शहर कोंडल्यावर अन्नाची टंचाई पडली, आणि आपल्या कांहीं मधुमेही रोग्यांच्या मूत्रांतील साखर नाहींशी झाल्याचें अपोलिनेर बुशार्दा या वैद्याला आढळून आलें. बुशार्दाचा मोठेपणा हा कीं, तो नुसत्या उपाशी ठेवण्यावर थांबला नाहीं. श्रम करणाऱ्या रोग्याला अधिक पीठ सोसतें, हें त्यानें पाहिलें, आणि रोग्यानें आपलें मूत्र वरचेवर तपासून स्वतःची मर्यादा ओळखावी, असा आग्रह धरला. म्हणजे सर्वांना एक ताट न देतां, ज्याचें ताट त्याला शोधावयास लावण्याची रीत त्यानें सुरू केली होती.

पण त्या काळाचा ओढा दुसरीकडे होता. सर्वांना लागू पडेल असा एकच पदार्थ शोधून काढण्याची जणूं शर्यतच लागली. कोणी दुधाचा उपचार काढला, कोणी तांदुळाचा. १९०२ च्या सुमारास फ्रान्समध्यें मोसे यानें बटाट्याचा पुरस्कार केला, आणि त्याच सुमारास जर्मनींत कार्ल फॉन नूर्डेन यानें ओटचा उपचार सांगितला. ओट म्हणजे पिष्टमय धान्यच. तें खाऊन साखर वाढावी ही साधी अपेक्षा. पण पोट बिघडलें म्हणून ज्या मधुमेह्यांना त्यानें ओटची लापशी दिली, त्यांतील कित्येकांची साखर उलट उतरली. मग ओटचे दिवस, भाज्यांचे दिवस, असें कोष्टकच बांधलें गेलें. गंमत अशी कीं, यांतील प्रत्येक उपचारानें कांहीं रोगी खरोखरच सुधारले आणि कांहींना मुळींच गुण आला नाहीं. ओटमध्यें असें काय आहे, हा प्रश्न वैद्य विचारीत राहिले. या रोग्यांत आणि त्या रोग्यांत अंतर काय, हा प्रश्न मागेंच राहिला.

ज्यांना गुण येत नसे त्यांच्यावर मग पहारा बसे. नेपल्सचा कांतानी व स्ट्रासबुर्गचा नाउनिन हे त्या काळचे नांवाजलेले वैद्य; रोग्यानें चोरून खाऊं नये म्हणून दोघांनींहि रोग्यांना कुलपांत ठेविलें. अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यानें १९१४ नंतरच्या काळांत उपासाचा उपचार रूढ केला. मूत्रांतील साखर जाईपर्यंत रोग्यास उपाशी ठेवावयाचें, आणि पुढें जेवढें सोसेल तेवढेंच अन्न द्यावयाचें, अशी ती पद्धति. इन्सुलिन नव्हतें तोंवर याहून चांगला मार्ग कोणापाशीं नव्हता, आणि त्यानें कित्येकांचें आयुष्य थोडेंफार लांबलें, हें मान्य केलें पाहिजे. पण त्याच्याच रुग्णालयांतील एका बारा वर्षांच्या अंध मुलाची गोष्ट वाचतांना मन कळवळतें. कडक पहाऱ्यांतहि त्याच्या मूत्रांत साखर येऊं लागली. मुलगा नाकबूल होता. अखेर उलगडा झाला : भुकेनें व्याकुळ होऊन त्यानें दांत घांसण्याचें टूथपेस्ट आणि पिंजऱ्यांतील पांखराचे दाणे खाल्ले होते. पुढें तो मुलगा वाचला नाहीं.

या गोष्टींत संशय खरा ठरला, हें लपविण्याचें कारण नाहीं. भुकेलेला माणूस चोरून खातो आणि नाहीं म्हणतो, हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. प्रश्न इतकाच कीं, साखर वाढण्याचें तेवढें एकच कारण असतें काय?

वास्तविक याचें उत्तर त्या मुलाच्या जन्मापूर्वींच मिळालें होतें. १८४८ मध्यें क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्याहि यकृतांतून साखर निघते. म्हणजे रक्तांतील सगळी साखर ताटांतूनच येते असें नाहीं. यकृत हें शरीराचें स्वतःचें कोठार आहे, आणि वेळप्रसंगीं तें आपल्या हातानें साखर सोडतें. पुढल्याच वर्षीं त्याला असेंहि आढळलें कीं, मेंदूच्या बुडाशीं एका विशिष्ट जागीं सुई टोंचली असतां जनावराच्या मूत्रांत साखर उतरते. तेव्हां मज्जासंस्थेचाहि या व्यवहारांत हात होता. अमेरिकेंत वॉल्टर कॅनन यानें भ्यालेल्या मांजरांच्या मूत्रांत साखर दाखविली. १९१३ सालच्या शेवटच्या चुरशीच्या सामन्यानंतर हार्वर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघांतील पंचवीस गड्यांची तपासणी झाली. बाराजणांच्या मूत्रांत साखर निघाली, आणि त्यांतील पांचजण तर मैदानांत उतरलेच नव्हते, राखीव म्हणून नुसते बसून होते! हे सर्व धडधाकट तरुण होते. जें निरोगी शरीरांत उत्कंठेनें घडतें, तें मधुमेह्याच्या शरीरांत तापानें, दुखण्यानें, काळजीनें किंवा जागरणानें घडावें, यांत नवल काय? पण प्रयोगशाळेंतील हें ज्ञान रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचावयास वेळ लागला.

१९२१ मध्यें टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हातीं लागलें, आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. मरणाच्या दारांतून मुलें परत येऊं लागलीं. वाटलें कीं कोडें सुटलें : स्वादुपिंडांतून इन्सुलिन निघत नाहीं म्हणून साखर वाढते, तें बाहेरून दिलें कीं झालें. पण १९३६ सालीं लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यानें एक साधा पण मर्मभेदी प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्यांना पोटांतून साखर व त्याच वेळीं शिरेंतून इन्सुलिन, दोन्ही शरीराच्या मानानें मोजून दिलीं. कांहींच्या रक्तांतील साखर चढलीच नाहीं. कांहींच्या बाबतींत मात्र इन्सुलिन दिलें काय आणि न दिलें काय, फारसा फरक पडला नाहीं. म्हणजे कांहींच्या शरीरांत इन्सुलिनची उणीव होती, तर कांहींचें शरीर त्याला दादच देत नव्हतें. पुढें १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं रक्तांतील इन्सुलिन मोजण्याची रीत काढली, आणि प्रौढ वयांत मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तांत इन्सुलिन कमी नसून पुष्कळच असतें, हें सिद्ध झालें. सुश्रुतानें देह पाहून केलेली कृश आणि स्थूल ही वाटणी अगदीं निराळ्या वाटेनें पुन्हां समोर आली.

रोग्यांचें वर्गीकरण असें सुधारत असतां अन्नाचा हिशेब मात्र अजून किराणा दुकानाच्या तराजूवरच चालला होता. १९५० सालीं अमेरिकेंतील संस्थांनीं पथ्याच्या ज्या याद्या केल्या, त्यांचें तत्त्व असें कीं, पिष्टाचे ग्रॅम सारखे असले म्हणजे एका पदार्थाच्या जागीं दुसरा खुशाल खावा. या याद्यांनीं रोग्यांचें जेवण पुष्कळ सुसह्य केलें. पण ग्रॅम सारखे म्हणून परिणामहि सारखा, हें कोणी तपासलें होतें? १९७० नंतर स्टॅनफर्डच्या फिलिस क्रेपो यांनीं तें तपासलें, आणि सारख्याच पिष्टाचा भात बटाट्यापेक्षां रक्तांतील साखर कमी चढवितो, असें त्यांना आढळलें. १९८१ सालीं टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनीं ६२ पदार्थांचें कोष्टक प्रसिद्ध केलें. प्रत्येक पदार्थ पांच ते दहा निरोगी माणसांना असा खावयास दिला, कीं त्यांतून ५० ग्रॅम पिष्ट वा शर्करा पोटांत जावी. आणि शुद्ध ग्लुकोजची चढ १०० धरून बाकीच्यांची तुलना केली. यालाच ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात.

या कोष्टकानें आपल्या स्वयंपाकघरांतील बऱ्याच गोष्टींचा खुलासा केला. डाळी व कडधान्यें यांतील पिष्ट सावकाश पचतें, म्हणून त्यांचा अंक खालीं. तांदुळाच्याहि सर्व जाती सारख्या नाहींत. ज्याच्या पिष्टांत सरळ सांखळीचा अंश अधिक, तो भात मोकळा होतो व सावकाश पचतो. चिकट भात लवकर पचतो. शिजवून थंड झालेल्या भातांतील कांहीं पिष्ट पचनाला दाद देईनासें होतें. धान्य अखंड आहे कीं पीठ झालें आहे, सोबत तूप, डाळ, भाजी किती, जठर किती वेळांत रिकामें होतें, या सर्वांवर चढ अवलंबून असते. सफरचंदाचा एक प्रयोग १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. अख्खें फळ, त्याचा लगदा व गाळलेला रस हीं तिन्ही साखरेच्या मानानें सारखीं दिलीं. रक्तांतील साखर तिन्हींनीं जवळजवळ सारखीच चढली. पण रसानें इन्सुलिन अधिक उसळलें, आणि मागाहून साखर अधिक खालीं घसरली. फळ तेंच, पण चावून खाल्लेलें फळ आणि प्यालेलें फळ शरीराच्या लेखीं एक नव्हतें.

मात्र या कोष्टकाचाहि लवकरच कायदा झाला. पहिल्या यादींत गाजराचा अंक ९२ होता; तेवढ्यावरून कित्येकांच्या पानांतून गाजर गेलें. पण ५० ग्रॅम पिष्ट-शर्करा मिळविण्यास अर्ध्या किलोहून अधिक गाजरें एका बैठकींत खावीं लागतील, हें कोणी ध्यानांत घेतलें नाहीं. आणि पुढील मोजमापांत तो अंक पुष्कळच खालीं आला. शिवाय प्रत्येक अंक ही अनेकांची सरासरी होती. सरासरी पुरुषभर पाणी आहे म्हणून नदींत उतरणाराला पायाखालचा डोह चुकत नाहीं.

काळवेळेचीहि गोष्ट अशीच. साखरेचा एक घोट घेतल्यावर थोड्या वेळानें तेवढाच दुसरा घोट घेतला, तर निरोगी माणसाची साखर दुसऱ्या खेपेस कमी चढते, हें १९२० च्या आसपासच संशोधकांना दिसलें होतें. शरीर जणूं पहिल्या घोटानें जागें झालेलें असतें. मधुमेह्यांत ही जाग मंदावते. निरोगी माणसाला सकाळचें जेवण संध्याकाळच्यापेक्षां बरें मानवतें. उलट कित्येक मधुमेह्यांची साखर पहांटे कांहीं न खातांच वर चढूं लागते, कारण त्या वेळीं शरीरांतील इतर स्राव यकृताला कोठार उघडावयास लावतात. मग सकाळच्या एका पोळीनें जो आंकडा येतो, तो दुपारच्या दोन पोळ्यांनींहि येत नाहीं. जेवणानंतर थोडें चालल्यानें स्नायु साखर ओढून घेतात; त्याच जेवणानंतर आडवें झालें तर ती रक्तांत रेंगाळते.

देहांतील हा भेद डोळ्यांना दिसेलच असें नाहीं. याचा नामी दाखला पुण्याचा आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत स्वतःचेंच छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचेंहि नेमकें सारखें, अंक २२·३; पण शरीरांतील चरबी युडकिन यांची ९·१ टक्के, तर याज्ञिक यांची २१·२ टक्के! पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक यांनीं चालविलेल्या अभ्यासांत असेंच दिसलें कीं, तेथील नवजात बालकें विलायतेंतील बालकांपेक्षां वजनानें बरींच कमी, पण चरबी त्या मानानें राखून असलेलीं होतीं. वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाला “तुला कसला मधुमेह” असें म्हणण्याची आपल्याकडील चाल किती फसवी आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां अगदीं अलीकडचा भाग. त्वचेखालीं बारीक तार बसवून दर पांच मिनिटांनीं साखर मोजणारीं यंत्रें आलीं, तेव्हां हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हातीं घेतां आला. २०१५ सालीं इस्राएलच्या वाइझमन संस्थेनें ८०० माणसांच्या जवळजवळ ४७,००० जेवणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोच पाव, तेंच केळें. पण एकाची साखर भरारी घेई, दुसऱ्याची हालत नसे. आंतड्यांतील सूक्ष्म जंतूंच्या निरनिराळ्या वस्तीचाहि या फरकाशीं संबंध दिसून आला. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील हजारावर माणसांच्या अभ्यासांत तर एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांचेंहि प्रमाण जुळलें नाहीं. ‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ ही आपली म्हण यंत्रानें खरी केली म्हणावयाची! पण तीहि पुरी पडत नाहीं. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, देखरेखीखालीं राहणाऱ्या माणसांना तेंच जेवण सुमारें आठवड्याच्या अंतरानें पुन्हां दिलें, तेव्हां त्याच माणसाची साखर दोन्ही खेपांस बरीच वेगळी चढली. हे अभ्यास मुख्यतः मधुमेह नसलेल्या माणसांचे होते. जेथें तोल राखणारी यंत्रणाच दुबळी झालेली आहे, तेथें हे हेलकावे मोठे होणार हें उघड आहे.

यावरून पथ्य व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढूं नये. ज्या वैद्यांनीं ताट आवरावयास सांगितलें ते चुकले नव्हते. वेढ्यांतल्या पॅरिसची साक्ष आजहि खरी आहे. चूक झाली ती कोष्टकाला साक्षीदार न मानतां न्यायाधीश मानण्यांत. कोष्टक सांगतें तें पुष्कळ माणसांविषयीं सांगतें. आपल्या माणसाविषयीं काय तें त्याचें स्वतःचें मोजमाप सांगेल. तें एका दिवसाचें नव्हे, तर अनेक दिवसांचें असावें, आणि शेजारीं काय खाल्लें याबरोबरच झोंप, श्रम, ताप व औषधाची वेळ यांचीहि टीप असावी. ती टीप वैद्यापुढें ठेविली म्हणजे औषध कीं अन्न, काय बदलावयाचें, तें त्यानें ठरवावें. बुशार्दानें दीडशें वर्षांपूर्वीं रोग्याच्या हातीं तपासणी दिली होती ती याचसाठीं.

आणि घरच्या माणसांसाठीं एक गोष्ट राहते. ज्या म्हाताऱ्यानें प्रामाणिकपणें पथ्य पाळलें त्याला खोटें पाडलें, तर तो पुढें दोहोंपैकीं एक करतो : पथ्य सोडून देतो, किंवा आंकडे लपवूं लागतो. दोन्हींत घात त्याचाच. कधीं लाडूचा डबा खरोखरच उघडला गेलेला असेल. तेंहि तो निर्भयपणें सांगूं शकला तरच उपाय करतां येईल. तेव्हां आंकडा चढलेला कागद हातीं आला म्हणजे सुनेनें डब्याची चौकशी करण्याआधीं, “मामंजी, चार दिवसांत बरें वाटत नव्हतें का? झोंप लागत होती ना?” एवढें विचारावें. त्या प्रश्नाला खरें उत्तर मिळण्याचा संभव अधिक आहे.